हृदयाच्या ऑपरेशनआधी गळा दाखवा: गलगंड असलेल्या रुग्णाच्या घरच्यांसाठी

सत्तरीतल्या एका मावशींची मिट्रल झडप बदलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी श्वासासाठी घातलेली ट्यूब काढली, दुपारी त्या लेकीशी दोन शब्द बोलल्या, पाणी प्यायल्या. रात्री दहाच्या सुमारास मला हाक मारून म्हणाल्या, "म्हाका उताणें न्हिदूंक जायना." म्हणजे, मला उताणे झोपता येत नाही. मॉनिटरवर ऑक्सिजन ९७ होता. कफ असेल म्हणून वाफ दिली, मग फुप्फुसात पाणी साठले असेल म्हणून लघवी होण्याचे इंजेक्शन दिले. तासाभरात श्वास आत घेताना करवतीसारखा आवाज येऊ लागला. तेव्हा कुठे ड्यूटीवरच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी छातीचा जुना एक्स-रे परत उजेडात धरला. श्वासनळी मधोमध नव्हती, उजवीकडे सरकलेली होती. दुर्बिणीच्या साहाय्याने ट्यूब पुन्हा घालावी लागली. सीटी स्कॅनमध्ये छातीच्या हाडामागे उतरलेला गलगंड दिसला.

बाहेर बसलेल्या लेकीला विचारले तर ती म्हणाली, "गळ्याला गाठ आहे की. वीस वर्षं झाली. पण दुखत नाही म्हणून आम्ही बोललो नाही, आणि आम्हांला कोणी विचारलंही नाही."

मावशी वाचल्या. पण ते "कोणी विचारलंही नाही" माझ्या मनातून गेले नाही, कारण न विचारणाऱ्यांत मीही होते. हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत परिचारिका म्हणून काम करताना शिकलेले इथे घरच्यांसाठी पायरीपायरीने लिहिते आहे. औषधे आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. पण गळ्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचवणे तुमच्या हातात आहे.

आधी हे समजून घ्या: त्रास ऑपरेशननंतरच का होतो?

थायरॉइड ग्रंथी श्वासनळीच्या अगदी पुढ्यात बसलेली असते. निरोगी ग्रंथीचे वजन १५ ते २५ ग्रॅम. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढत गेली की गलगंड होतो, आणि कधीकधी तो खाली सरकत छातीच्या मधल्या हाडामागे उतरतो. गळ्यात लहानशीच गाठ दिसते, मोठा भाग आत दडलेला असतो. हे प्रामुख्याने पन्नाशी उलटलेल्या बायकांमध्ये दिसते. वाढ सावकाश असल्यामुळे शरीर निमूटपणे जुळवून घेते. बाई एका कुशीवर झोपायला शिकते, जिने टाळते. धाप लागली तर घरचे म्हणतात हृदयाची, आणि हृदयाचा आजार खरोखरच असल्यामुळे डॉक्टरांनाही ते पटते.

प्रौढ माणसाची श्वासनळी साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद असते. ती ८ मिलिमीटरच्या आसपास आली की चालता-चढताना दम लागतो, ५ च्या आसपास आली की बसल्या जागीही आवाज येतो. आता हिशोब बघा. १६ मिलिमीटरच्या नळीला आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली तर हवेचा अडथळा पावणेदोन पटीपर्यंत जातो. माणसाला ते फारसे कळतही नाही. तीच सूज ८ मिलिमीटरच्या नळीला आली तर अडथळा तिपटीहून जास्त होतो. गलगंडाच्या रुग्णाकडे शिल्लकच थोडी असते.

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये सूज येण्याची कारणे एकावर एक रचली जातात. हार्ट-लंग मशीनवर रक्त पातळ होते, अंगात पाणी भरते, चेहरा-मान सुजते. त्या मशीनसाठी हेपॅरिन देऊन रक्त गोठू न देण्याची तजवीज करतात, त्यामुळे ग्रंथीतल्या एखाद्या गाठीत रक्तस्राव होऊन ती फुगू शकते. मानेच्या मोठ्या शिरेत औषधांसाठी नळी (लाइन) घालतात, तिथे रक्त साकळू शकते. हृदय पाहण्यासाठी अन्ननलिकेत इकोचा प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची नळी, तासन्‌तास असतो. ट्यूब स्वरयंत्राला घासते. ही ट्यूब आत असते तोवर मात्र काहीच जाणवत नाही, कारण तीच श्वासनळीला आतून आधार देत असते. खरी परीक्षा ती काढल्यावर सुरू होते, कधी काही मिनिटांत, कधी काही तासांनी.

पायरी पहिली: घरीच गळा आणि जुन्या सवयी पाहा

ऑपरेशनची तारीख मिळाली की एक संध्याकाळ यासाठी द्या. रुग्णाला उजेडात बसवा, मान किंचित वर करायला सांगा आणि पाण्याचा घोट गिळताना समोरून पाहा. थायरॉइडची गाठ गिळताना वरखाली होते. गाठीचा खालचा काठ दिसतच नसेल, ती हाडामागे गडप होत असेल, तर तेही टिपून ठेवा.

मग विचारा. मंगळसूत्र किंवा ब्लाउजचा गळा अलीकडे घट्ट होतो का? उताणे झोपल्यावर गळा दाबल्यासारखे वाटते आणि कुशीवर वळले की बरे वाटते का? आवाज बदलला आहे का? भाकरीचा घास अडकतो का? झोपेत घोरण्याचा सूर बदलला आहे का? यातले शेवटचे रुग्णाला ठाऊक नसते, शेजारी झोपणाऱ्याला विचारायचे. जुन्या लग्नाचे फोटो काढून पाहा. पंधरा वर्षांपूर्वीचा गळा आणि आजचा गळा शेजारी ठेवला की जो फरक रोज पाहणाऱ्याला दिसत नाही तो दिसतो.

दोन्ही हात डोक्यावर मिनिटभर धरले की चेहरा लालजांभळा होणे, श्वास कोंडणे ही छातीत उतरलेल्या गलगंडाची खूण आहे. पेम्बर्टन या डॉक्टरांनी ती १९४६ मध्ये नोंदवली. ही तपासणी डॉक्टरांसमोरच करायची. हृदयाच्या रुग्णाला घरी हात वर धरून उभे करू नका, आणि ऑपरेशननंतर छातीचे हाड जुळून येत असताना तर मुळीच नको.

इथे एक गैरसमज फार घात करतो: "थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आहे." टीएसएच ही रक्ततपासणी ग्रंथीचे काम कसे चालले आहे ते सांगते. ग्रंथीचा आकार किती आणि ती श्वासनळीला किती दाबते आहे, हे त्या आकड्यात नसते. मावशींचा टीएसएच नॉर्मल होता.

पायरी दुसरी: कोणत्या तपासण्या मागाव्यात

गळ्याची सोनोग्राफी चांगली, पण तिला हाडामागचे दिसत नाही. छातीचा एक्स-रे ऑपरेशनआधी होतोच. तो पाहताना "श्वासनळी मध्यभागी आहे का?" एवढे डॉक्टरांना आवर्जून विचारा. गाठ असेल, आवाज येत असेल किंवा नळी सरकलेली असेल, तर मान व छातीचा सीटी स्कॅन लागतो. श्वासनळीची सर्वांत अरुंद जागा किती मिलिमीटर आणि ती कुठे आहे, हे त्यातून कळते. त्यासाठी शिरेतून डाय, म्हणजे फोटो स्पष्ट यावा म्हणून देतात ते औषध, देण्याची बहुधा गरज नसते.

डायचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अँजिओग्राफीच्या डायमध्ये आयोडिन भरपूर असते. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, आणि डायच्या एका मिलिलिटरमध्येच ३०० मिलिग्रॅमच्या वर आयोडिन. गाठी असलेली ग्रंथी एवढ्या आयोडिनने काही आठवड्यांत बेफाम काम करू लागू शकते: छातीत धडधड, वजन घटणे, हात थरथरणे. म्हणून गलगंड असलेल्याची अँजिओग्राफी होऊन काही आठवडे गेले असतील, तर ऑपरेशनआधी टीएसएच पुन्हा करायचा का, हे विचारा. थायरॉइडचे काम असे वाढलेले असताना हृदयाचे ऑपरेशन धोक्याचे असते. शक्य असेल तर आधी ते औषधाने आटोक्यात आणतात.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू पाहून घेतले तर आधीपासून एखादा लुळा आहे का ते कळते. दोन मिनिटांची तपासणी आहे, पण नंतर तिचा फार उपयोग होतो.

या गोष्टी तारखेच्या आधी काही आठवडे व्हाव्यात. आपल्याकडे गोव्यात ऑपरेशन "गणेश चवथीनंतर बघू" म्हणून पुढे ढकलले जाते आणि मग सगळे घाईत उरकते. चवथीची वाट पाहायचीच असेल तर मधल्या दिवसांत सीटी करून घ्या.

पायरी तिसरी: भूलतज्ज्ञांच्या हातात चिठ्ठी द्या

हृदयाचे सर्जन हृदयाकडे पाहतात. श्वासनळीची जबाबदारी भूलतज्ज्ञांची असते, आणि त्यांची भेट बऱ्याचदा आदल्या दिवशी, घाईत होते. तोंडी सांगितलेले विसरते, कागद फाइलमध्ये राहतो. असे लिहा:

"रुग्णाला सुमारे २० वर्षांपासून गलगंड आहे. उताणे झोपल्यावर गुदमरते, डाव्या कुशीवर बरे वाटते. झोपेत श्वास घेताना आवाज येतो. सीटीमध्ये श्वासनळी सर्वांत अरुंद जागी इतके मिलिमीटर. टीएसएच अमुक तारखेचा इतका. पूर्वी कधी भूल दिली होती का, तेव्हा ट्यूब घालताना त्रास झाला होता का. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: ही नावे."

चिठ्ठीची एक प्रत फाइलला लावा, दुसरी आयसीयूतल्या सिस्टरला द्या. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात सिंधुदुर्गातूनही रुग्ण येतात, त्यांचे जुने कागद सावंतवाडीला किंवा दोडामार्गला राहिलेले असतात. ते आधी मागवून घ्या.

या भेटीत मोठा प्रश्न विचारायचा तो हा: ग्रंथी आधी काढायची, हृदयासोबत काढायची, की नंतर? ठरलेले एकच उत्तर नाही. हृदयाचे ऑपरेशन काही काळ पुढे ढकलता येत असेल आणि श्वासनळी फारच दबलेली असेल, तर ग्रंथी आधी. हृदयाची घाई असेल आणि श्वासनळीत पुरेशी जागा असेल, तर हृदय आधी, ग्रंथी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. दोन्ही तातडीचे असेल तर एकाच भुलीत दोन्ही करतात. छातीचे हाड उघडलेलेच असते, त्यामुळे मागे दडलेला गलगंड हाताशी येतो. पण हेपॅरिनमुळे रक्तस्रावाची भीती वाढते. सर्जन, भूलतज्ज्ञ, घशाचे सर्जन आणि एंडोक्रिनॉलॉजिस्ट (ग्रंथींच्या आजारांचे डॉक्टर) यांनी एकत्र बसून ठरवलेले मला सर्वांत पटते. ती बैठक झाली का, एवढे विचारण्याचा हक्क तुम्हांला आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून खर्च होणार असेल, तर दोन ऑपरेशनांची मंजुरी कशी घ्यायची हेही काउंटरवर आधीच विचारून घ्या.

पायरी चौथी: ट्यूब काढण्याचा दिवस

हृदयाच्या बहुतेक रुग्णांची ट्यूब आता काही तासांतच काढतात. गलगंडाच्या रुग्णाबाबत घाई न करणे शहाणपणाचे. "अजून व्हेंटिलेटरवर का?" म्हणून घरचे व्याकूळ होतात. मला ते समजते, पण इथे रात्रभराचा उशीर म्हणजे पुष्कळदा काळजीच असते. माझे मत स्पष्ट आहे: अशी ट्यूब दिवसाउजेडी, भूलतज्ज्ञ वॉर्डात हजर असताना काढावी.

त्याआधी ट्यूबभोवतीचा फुगा रिकामा करून पाहतात. ट्यूबच्या बाजूने हवा निसटली तर आत जागा आहे, अजिबात निसटली नाही तर सूज असू शकते. तशी शंका असली तर सूज उतरवण्यासाठी काही तास आधीपासून स्टेरॉइड सुरू करतात, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवतात, अंगातले जादा पाणी काढतात. कधी ट्यूब काढताना तिच्या वाटेवर एक बारीक पोकळ तार ठेवून देतात, म्हणजे गरज पडली तर तिच्यावरूनच नवी ट्यूब सरकवता येते. खोलीत अशी तार दिसली तर घाबरू नका.

पायरी पाचवी: आवाज ओळखा

या लेखातले एवढेच लक्षात राहिले तरी चालेल. श्वास आत घेताना येणारा कर्कश, ओढल्यासारखा आवाज हा वरच्या वाटेच्या अडथळ्याचा असतो. दम्याची शीळ प्रामुख्याने श्वास सोडताना येते. कफाची घरघर खोकल्याने हलते, जागा बदलते. अडथळ्याचा आवाज खोकून जात नाही. तुम्ही भेटायला आत गेलात की अर्धा मिनिट काही न बोलता कान द्या. ज्या माणसाबरोबर तुम्ही चाळीस वर्षे राहिलात त्याचा श्वास तुम्ही आमच्याहून चांगला ओळखता.

इतर खुणा अशा: उताणे झोपायला ठाम नकार, पुढे वाकून हातांवर भार देऊन बसणे, श्वासागणिक गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जाणे, एका दमात वाक्य पुरे न होणे, डोळ्यांत भीती, उगाच चिडचिड. मान अचानक फुगणे, ताणल्यासारखी दुखणे ही ग्रंथीत रक्त उतरल्याची खूण असू शकते. आवाज हळूहळू बारीक होत जाऊन रुग्ण थकून गप्प झाला, तर ते सुधारणे समजू नका. ती शेवटची सूचना असते.

आणि मॉनिटरवरचा आकडा. ऑक्सिजन लावलेला असताना वाट अरुंद होत आली तरी ९६-९७ दिसत राहतो. तो पडतो तेव्हा हातात फार थोडी मिनिटे उरतात. आम्ही त्या रात्री आकड्यावर विसंबलो. तुम्ही विसंबू नका.

सिस्टरला काय सांगायचे? "बरं वाटत नाही त्यांना" म्हणू नका, ते आम्ही दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. म्हणा: "श्वास आत घेताना आवाज येतोय, त्यांना गलगंड आहे, भूलतज्ज्ञांना बोलवा." ही तीन वाक्ये माणसांना पळायला लावतात.

मग रुग्णाला बसवतात, ऑक्सिजन वाढवतात, ॲड्रेनॅलिनची वाफ आणि स्टेरॉइड देतात. तेवढ्याने वेळ मिळतो, पण आतली अरुंद जागा तशीच राहते, म्हणून पुन्हा ट्यूब घालण्याची तयारी त्याच वेळी सुरू करतात, शक्यतो रुग्ण जागा असताना, दुर्बिणीतून. गळ्याला छिद्र पाडून श्वास देणे, म्हणजे ट्रेकिओस्टॉमी, इथे सोपी नसते. ज्या जागी छिद्र पाडायचे तिथेच गलगंड बसलेला असतो, आणि खाली अगदी जवळच छातीची ताजी जखम असते, तिला जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. "छिद्र का पाडत नाहीत?" या घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

गलगंड असला म्हणून दोष त्याचाच असेल असे नाही. डाव्या स्वरतंतूची नस महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन वर येते, हृदयाच्या ऑपरेशनमध्ये तिला इजा होऊ शकते. मग आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांनी क्वचित ओठ-जीभ-घसा सुजतो. ओठ सुजलेले दिसले तर तेही लगेच सांगा.

पायरी सहावी: घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्डावर हृदयाचे सगळे लिहिलेले असते, गलगंडाचे राहून जाते. "थायरॉइडसाठी पुढची भेट" ही ओळ तारखेसह लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.

कृत्रिम झडप असेल तर ॲसिट्रोम किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू असते. त्या गोळ्यांचा परिणाम थायरॉइडच्या कामाप्रमाणे बदलतो: ग्रंथी जोरात चालू लागली की रक्त अपेक्षेहून जास्त पातळ होते. आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा) कारण नसताना वर जाऊ लागला तर टीएसएच तपासायला सांगा. आयएनआर वाढलेला असताना गळ्याची गाठ अचानक मोठी आणि दुखरी झाली, तर ती वाट पाहण्याची गोष्ट नाही.

ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके अनियमित होणे खूपदा घडते, आणि त्यासाठी ॲमिओडॅरोन देतात. या औषधाच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडिन असते. ते थायरॉइडचे काम वाढवूही शकते आणि मंदावूही शकते. औषध अंगात दीर्घकाळ राहते, म्हणून ते चालू असताना साधारण दर ६ महिन्यांनी, आणि बंद झाल्यावरही काही महिने, टीएसएच पाहतात. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

मीठ. पेडण्याच्या आगरवाड्याला, नेरूळला, हडफड्याला मिठागरे आहेत आणि अजून कित्येक घरांत तेच जाडे मीठ चालते. त्यात आयोडिन मुद्दाम मिसळलेले नसते. पण जुना, गाठींचा गलगंड मीठ बदलून विरघळत नाही, आणि आयोडिनच्या गोळ्या किंवा कोणी सुचवलेला काढा स्वतःच्या मनाने सुरू केला तर ग्रंथी उलट भडकू शकते. हृदयासाठी मीठ कमी करा, आयोडिनचे डॉक्टरांना विचारा. थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर "गाठ लवकर जाईल" म्हणून डोस वाढवू नका, ठोके बिघडतात.

ज्यांना बरेच दिवस ट्यूब होती त्यांच्यासाठी आणखी एक: काही आठवड्यांनी ट्यूबच्या जागी आत वण धरून श्वासनळी अरुंद होऊ शकते. महिनाभर बरे असलेला माणूस पुन्हा धापू लागला आणि औषधाने फरक पडत नसेल, तर "दमा झाला" यावर समाधान मानू नका. दुर्बिणीने आत पाहायला सांगा.

श्वास घेताना आवाज, मान फुगणे, लाळ गिळता न येणे किंवा ओठ निळसर पडणे यांपैकी काहीही दिसले तर १०८. काणकोणहून बांबोळी ६० किलोमीटरहून जास्त आहे. एवढ्या वाटेवर रुग्णाला स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर आडवे करून नेऊ नका. त्याला टेकून बसवा, उताणे निजवू नका, पाणी किंवा पेज पाजू नका. शुद्ध हरपून श्वास थांबला तर छातीवर टाके आहेत म्हणून थबकू नका, छाती दाबायला सुरुवात करा. फोनवर सांगायचे ते एवढेच: "हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे, गळ्याला गलगंड आहे, श्वास आत घेताना आवाज येतोय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." मग घराची खूण, वाडा, जवळचे देऊळ किंवा खुरीस (क्रूस). चिठ्ठीची प्रत, सीटीची फिल्म आणि आयएनआरचे पुस्तक एकाच पिशवीत घालून ती दाराशेजारच्या खुंटीला अडकवून ठेवा, आणि ती कुठे आहे हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.